आधी जपून ठेवायला सांगा, मग मागा : सीसीटीव्ही चित्रीकरणाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीविषयी आहेत. घटना कॅमेऱ्यासमोर घडली, कॅमेरा चालूही होता, पण ते चित्रीकरण कोणाकडे, कसे आणि कोणत्या आधारावर मागायचे हे ठाऊक नसल्यामुळे ते हातचे गेले. म्हणून या अंकात इतर प्रश्न बाजूला ठेवून याच विषयावरची निवडक पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील पहाटे फिरायला गेले असताना एका टेम्पोने त्यांना धडक दिली आणि चालक न थांबता निघून गेला. वडिलांच्या मांडीचे हाड मोडले आहे. रस्त्यालगतच्या सोसायटीच्या फाटकावर कॅमेरा आहे. तेथील सेक्रेटरी म्हणतात, ‘पोलिसांचे पत्र आणा, मग देतो.’ पोलीस ठाण्यात गेलो, तर ‘फुटेज घेऊन या, मग पाहू’ असे उत्तर मिळाले. यात चार दिवस गेले. आता काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या वडिलांना लवकर आराम पडो. आपली जी फरपट होत आहे ती फार जणांच्या वाट्याला येते आणि तिच्यात सर्वांत मोठे नुकसान वेळेचे होते. म्हणून पहिले काम आजच करा. सोसायटीकडे चित्रीकरणाची प्रत मागण्याआधी ते जपून ठेवण्याची लेखी विनंती करा. प्रत देण्याबाबत सेक्रेटरींना शंका असू शकते, आणि ती रास्तही असू शकते; परंतु चित्रीकरण पुसले जाऊ न देण्यासाठी त्यांना कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

घाई का, हे समजून घ्यावे. कॅमेऱ्याचे चित्रीकरण डीव्हीआर नावाच्या यंत्रातील हार्ड डिस्कवर साठते आणि डिस्क भरली की यंत्र सर्वांत जुन्या चित्रीकरणावर नवे लिहू लागते. साध्या दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण सेकंदाला दोन मेगाबिट या दराने साठत असेल, तर एका कॅमेऱ्याला दिवसाला सुमारे २१ गिगाबाईट जागा लागते. सोसायटीत असे आठ कॅमेरे असले आणि डिस्क एक टेराबाईटची असली, तर सहाव्या दिवसाच्या आसपास पहिला दिवस पुसला जायला लागतो. डिस्क मोठी असेल किंवा यंत्र केवळ हालचाल टिपल्यावरच नोंद करत असेल, तर हा काळ वाढतो. पण आपल्या सोसायटीतील यंत्राची क्षमता किती आहे हे सेक्रेटरींनाही बहुधा माहीत नसते. त्यामुळे महिनाभर राहते असे कोणी तोंडी सांगितले तरी त्यावर विसंबू नये.

पत्र लांबलचक नसावे. साधारणपणे असे लिहावे : ‘दिनांक अमुक रोजी पहाटे ५ वाजून ५० मिनिटे ते ६ वाजून ३० मिनिटे या वेळेत आपल्या मुख्य फाटकासमोरील रस्त्यावर अपघात होऊन माझे वडील गंभीर जखमी झाले आहेत. फाटकावरील व रस्त्याकडे रोख असलेल्या सर्व कॅमेऱ्यांचे या वेळेचे मूळ चित्रीकरण हा गुन्ह्याच्या तपासातील पुरावा आहे. ते पुसले जाऊ नये यासाठी त्याची स्वतंत्र प्रत आजच काढून आपल्या ताब्यात सुरक्षित ठेवावी आणि पोलिसांनी अथवा न्यायालयाने मागणी केल्यावर सादर करावी. यंत्राच्या घड्याळातील वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांत फरक असल्यास त्याची नोंद करावी.’ घटनेच्या मिनिटावर बोट न ठेवता आधीची व नंतरची वेळ मागावी, कारण गाडी कोणत्या दिशेने आली आणि क्रमांक कोठे दिसला हे बहुतेकदा आधीच्या किंवा नंतरच्या दृश्यात सापडते. घड्याळाचा मुद्दा अनेकांना क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात या यंत्रांची घड्याळे मागेपुढे असतात आणि त्यामुळे भलत्याच वेळेचे चित्रीकरण जपले जाते. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्यावी. पोच नाकारली, तर तेच पत्र ईमेलने व स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवावी. अशी लेखी सूचना हाती असताना पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूने कोणी चित्रीकरण नष्ट केले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ नुसार तो गुन्हा ठरू शकतो. हे सेक्रेटरींना धमकीच्या सुरात सांगू नये, पण पत्रात एका वाक्यात लिहून ठेवायला हरकत नाही.

आता पोलिसांविषयी. पुरावा गोळा करणे हे तपासाचे काम आहे आणि तपास गुन्हा नोंदवल्यावर सुरू होतो. फिर्यादीनेच आधी चित्रीकरण आणून द्यावे अशी अट कोणत्याही कायद्यात नाही. बेदरकार वाहन चालवून गंभीर दुखापत करणे हा दखलपात्र गुन्हा आहे, आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर तो नोंदवणे बंधनकारक आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार आपण माहिती तोंडी, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने देऊ शकता. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. नोंदलेल्या गुन्ह्याची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्यात दाद लागली नाही, तर त्याच कलमाच्या आधारे जिल्हा पोलीस अधीक्षकांना माहिती लेखी व टपालाने पाठवावी, आणि तेथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

फिर्याद देताना कॅमेऱ्याचा उल्लेख जबाबातच येऊ द्यावा : कोणत्या इमारतीवर, कोणत्या बाजूला, रोख कोठे. त्यानंतर तपासी अंमलदारांना वेगळा अर्ज देऊन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली सोसायटीला लेखी आदेश देण्याची विनंती करावी. या कलमानुसार तपासासाठी आवश्यक असलेली वस्तू किंवा दस्तऐवज, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील असला तरी, सादर करण्यास ठाणे प्रभारी अधिकारी लेखी आदेशाने आणि न्यायालय समन्सद्वारे सांगू शकते. सेक्रेटरी जे पत्र मागत आहेत ते हेच.

एकाच कॅमेऱ्यावर मात्र थांबू नका. धडक दिलेली गाडी पुढे कोठून तरी गेली आहे. घरातील कोणी तरी त्या रस्त्याने दोन्ही दिशांना पायी जाऊन दुकाने, दवाखाने, पेट्रोल पंप, पतसंस्था, चौकातील पोलिसांचे कॅमेरे यांची यादी करावी आणि प्रत्येक ठिकाणी हेच पत्र द्यावे. लहान दुकानदार पुष्कळदा मनापासून मदत करतात, फक्त त्यांच्याकडे वेळेत पोहोचावे लागते. या खटाटोपाचे मोल भरपाईच्या वेळी कळते. गाडी सापडलीच नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालील योजनेत गंभीर दुखापतीसाठी मिळणारी रक्कम ५०,००० रुपये इतकीच आहे. गाडीचा क्रमांक मिळाला, तर मालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात उपचारखर्च व बुडालेली कमाई यांचा रीतसर दावा करता येतो.

प्रश्न : दुकानासमोर झालेल्या मारामारीचे फुटेज दुकानदाराने मला त्याच्या संगणकावर दाखवले. मी ते मोबाईलने पडद्यावरून टिपून घेतले आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवले आहे. न्यायालयात ते चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : घटना घडली हे पोलिसांना पटवून देण्यासाठी आणि मूळ चित्रीकरण कोठे आहे हे दाखवण्यासाठी त्याचा चांगला उपयोग आहे, म्हणून ते जपून ठेवावे. न्यायालयातील मुख्य पुरावा म्हणून मात्र ते दुबळे आहे. पडद्यावरून टिपलेल्या दृश्यात मूळ फाइलमधील वेळ व इतर नोंदी येत नाहीत, आणि व्हॉट्सॲपमधून पाठवताना चित्र दाबले जाऊन त्याचा दर्जा आणखी उतरतो. चेहरा ओळखता येतो की नाही यावर ज्या खटल्याचा निकाल अवलंबून आहे, तेथे हा फरक निर्णायक ठरतो.

दुकानदाराला विनंती करून यंत्रातूनच त्या वेळेची फाइल नव्या पेन ड्राइव्हवर मूळ स्वरूपात उतरवून घ्यावी. काही यंत्रांची फाइल उघडण्यासाठी त्यांचाच प्लेअर लागतो, तोही सोबत घ्यावा. ही फाइल कापू नये, जोडू नये, तिच्यावर खुणा करू नयेत. पाहण्यासाठी वेगळी प्रत वापरावी.

इतके झाल्यावर सर्वांत दुर्लक्षित राहणारा कागद येतो, तो म्हणजे प्रमाणपत्र. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची असेल, तर तिच्यासोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. जुन्या पुरावा कायद्यात हेच काम कलम ६५-ब करत असे. नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग ती नोंद सादर करणाऱ्या, म्हणजे यंत्र ज्याच्या ताब्यात व वापरात आहे त्या व्यक्तीने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. फाइलचे हॅश मूल्यही त्यात लिहायचे असते. हॅश मूल्य म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षरे-अंकांची ओळ. फाइलमध्ये कणभर जरी बदल झाला, तरी ही ओळ बदलते. त्यामुळे पेन ड्राइव्ह हाती आला त्याच दिवशी हॅश मूल्य काढून घेतलेले बरे.

या प्रमाणपत्राविषयीचा महत्त्वाचा निकाल आपल्याच राज्यातील वादातून आला आहे. २०१४ सालच्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाले होते, असा कैलास गोरंट्याल यांचा अर्जुन खोतकर यांच्याविरुद्ध आक्षेप होता, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरण हा त्यातला कळीचा पुरावा होता. चित्रीकरणाच्या प्रती मिळाल्या, पण प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की, प्रत सादर करताना प्रमाणपत्र आवश्यकच आहे, मात्र ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो ते देत नसेल तर पक्षकाराने न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवून घ्यावे. आणि ज्याने आपल्या हाती होते ते सर्व प्रयत्न केले आहेत, त्याला अशक्य गोष्टीसाठी जबाबदार धरता येणार नाही. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीला येऊन हजर केले, तर प्रमाणपत्राची गरज राहत नाही, हेही त्याच निकालात आहे. या निकालाचा सामान्य माणसासाठी अर्थ असा की प्रमाणपत्राची मागणीही लेखीच करावी आणि नकाराचाही कागद सांभाळावा.

प्रश्न : एसटी स्थानकावर माझी बॅग चोरीला गेली. स्थानकात कॅमेरे आहेत. माहिती अधिकारात अर्ज केला, तर तीस दिवसांनी ‘सदर चित्रीकरण उपलब्ध नाही’ असे उत्तर आले. हा अन्याय नाही का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : अन्याय आहे, आणि तो टाळता येण्याजोगा होता म्हणून अधिक टोचतो. राज्य परिवहन महामंडळ हे सार्वजनिक प्राधिकरण असल्यामुळे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ त्याला लागू आहे, आणि या कायद्यातील ‘माहिती’त इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील सामग्रीही येते. अडचण मुदतीची आहे. कायद्याने उत्तरासाठी ३० दिवस दिले आहेत आणि पुष्कळ यंत्रांत चित्रीकरण तितके दिवस राहतच नाही. जीवित वा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद आहे, पण सामानाच्या चोरीला ती लागू होणार नाही.

यापुढे कोणावर असा प्रसंग आला, तर क्रम असा ठेवावा. त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद द्यावी, त्याच दिवशी स्थानकप्रमुख आणि आगार व्यवस्थापक यांना चित्रीकरण जपण्याचे पत्र देऊन पोच घ्यावी, आणि माहिती अधिकाराचा अर्ज त्यानंतर करताना त्या पत्राचा दिनांक अर्जात नमूद करावा. आपल्या राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर व १५० शब्दांच्या आत असावा लागतो आणि शुल्क १० रुपये असते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. अर्जात प्रतीबरोबरच चित्रीकरण प्रत्यक्ष पाहण्याचीही मागणी करावी, कारण कायद्यात अवलोकनाचा हक्क स्वतंत्रपणे दिलेला आहे आणि प्रत नाकारणारा अधिकारी कधी कधी पाहू देण्यास राजी होतो.

आपल्या बाबतीत आता पहिले अपील करावे. त्यासाठी उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे आणि २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. त्याच्या जोडीला एक नवा अर्ज करून वेगळी माहिती मागावी : स्थानकातील चित्रीकरण किती दिवस ठेवण्याचा आदेश आहे त्याची प्रत, घटनेच्या दिवशी कोणते कॅमेरे चालू होते याची नोंद, देखभालीच्या कराराची प्रत, आणि माझा अर्ज मिळाल्यावर तो कोणत्या तारखेला कोणाकडे पाठवला गेला याची नोंद. चित्रीकरण गेले असले तरी हे कागद जात नाहीत. अर्ज पोहोचला तेव्हा चित्रीकरण शिल्लक होते आणि तरीही ते वाचवले नाही असे त्यातून दिसले, तर माहिती आयोगापुढील दुसऱ्या अपिलात आपली बाजू भक्कम होईल. दुसऱ्या अपिलासाठी ९० दिवसांची मुदत असते.

नकाराची दोन कारणे वारंवार दिली जातात. तपासात अडथळा येईल असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याने तो अडथळा कसा येईल हेही सांगायला हवे. तपास सुरू आहे एवढे पुरेसे नाही. दुसरे कारण इतरांच्या खासगीपणाचे. वैयक्तिक माहितीविषयीचा अपवाद २०२५ सालच्या नोव्हेंबरपासून अधिक कडक झाला आहे आणि पूर्वी त्याच कलमात असलेली जनहिताची कसोटी वगळण्यात आली आहे. माझ्या मते हा बदल नागरिकांच्या दृष्टीने चांगला झालेला नाही. तरीही जनहित अधिक मोठे असेल तर माहिती देता येते, ही कलम ८(२) मधील तरतूद कायम आहे, आणि इतरांचे चेहरे झाकून उरलेला भाग द्यावा अशी मागणी कलम १० च्या आधारे करता येते. अपिलात या दोन्ही कलमांचा उल्लेख जरूर करावा.

प्रश्न : बँकेतील लॉकरमधून माझ्या आईचे दागिने गेले आहेत. शेवटचे लॉकर दोन महिन्यांपूर्वी उघडले होते. इतके जुने फुटेज मिळणार नाही, असे शाखेत सांगतात. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ते मान्य करू नका. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी काढलेल्या सुधारित सूचनांनुसार लॉकर असलेल्या दालनात ये-जा होण्याच्या जागेचे चित्रीकरण बँकेने किमान १८० दिवस ठेवायचे आहे. आपले लॉकर परवानगीविना उघडले गेले किंवा त्यातील वस्तू चोरीस गेल्या अशी तक्रार ग्राहकाने केली असेल, तर पोलिसांचा तपास पूर्ण होऊन वाद मिटेपर्यंत ते जपायचे आहे. आजच शाखा व्यवस्थापकांना लेखी तक्रार द्या, त्यात या सूचनेचा उल्लेख करा आणि पोलिसांतही फिर्याद नोंदवा. बँक प्रत कदाचित आपल्या हाती देणार नाही, पोलिसांनाच देईल. पण जपण्याची जबाबदारी तिला टाळता येणार नाही. लॉकर उघडल्यावर त्याच दिवशी ग्राहकाला संदेश पाठवण्याचेही बंधन आहे, तेव्हा त्या काळातील सर्व संदेश तपासून पाहा आणि लॉकरच्या नोंदवहीतील सह्यांची प्रत मागा. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

बँकेने चित्रीकरण सादरच केले नाही, तर त्याचाही अर्थ लावला जातो. वाराणसीतील एका हॉटेलमधील मृत्यूच्या खटल्यात हॉटेलचे सीसीटीव्ही चित्रीकरण फिर्यादी पक्षाने हजर केले नव्हते. २० जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा सर्वोत्तम पुरावा दडवला गेल्याचे मानून फिर्यादी पक्षाविरुद्ध निष्कर्ष काढला आणि दोन्ही इटालियन आरोपींची सुटका केली. ज्याच्या हाती पुरावा आहे त्याने तो दिला नाही, तर तो त्याच्या विरोधात गेला असता असे न्यायालय गृहीत धरू शकते. हे तत्त्व ग्राहक आयोगापुढेही आपल्याला मांडता येईल.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावून मारहाण करण्यात आली. तेथील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण आम्हाला मिळू शकते का? आम्हाला भीती वाटते. (एक वाचक, गावाचे नाव देऊ नये अशी विनंती)

उत्तर : आपली भीती मी समजू शकतो, आणि म्हणूनच आपल्या हाती काय आहे हे नीट सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंह सैनी प्रकरणात देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यासाठी आदेश दिले. प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या अशा सर्व ठिकाणी रात्रीही दिसेल आणि आवाजही टिपला जाईल असे कॅमेरे असावेत. चित्रीकरण १८ महिने राहावे आणि तशी यंत्रणा बाजारात मिळत नसेल तरी किमान एक वर्ष राहावे. यंत्रणा चालू ठेवण्याची व चित्रीकरण जपण्याची जबाबदारी ठाणे प्रभारींची असावी. मानवी हक्कांचा भंग झाल्यास पीडिताला चित्रीकरण सुरक्षित करून घेण्याचा हक्क आहे, असा फलक ठाण्यात दर्शनी भागात लावावा, असेही त्या आदेशात आहे.

तेव्हा आधी भावाची सरकारी रुग्णालयात तपासणी करून जखमांची नोंद करून घ्या. मग चित्रीकरण जपण्याची मागणी त्या ठाण्याकडे न करता वर करा : पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, आणि याच निकालानुसार स्थापन व्हायची असलेली जिल्हास्तरीय देखरेख समिती, जिच्यात जिल्हाधिकारीही असतात. जिल्हाधिकारी कार्यालयात आवक क्रमांक टाकून घेतलेले पत्र ठाण्यातील कोणालाही नजरेआड करता येत नाही. त्याच वेळी राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करावी. घटनेपासून एक वर्षाच्या आत ती करावी लागते. कोठडीत बळाचा वापर होऊन गंभीर इजा किंवा मृत्यू झाल्याची तक्रार आल्यास आयोग किंवा मानवी हक्क न्यायालय ठाण्यातील चित्रीकरण तत्काळ मागवू शकते, असे निकालात स्पष्ट आहे. पत्रात भावाला ठाण्यात नेल्याची व सोडल्याची वेळ लिहा आणि मारहाण कोणत्या खोलीत झाली हे आठवत असेल तर तेही लिहा.

कॅमेरे बंद होते, असे उत्तर येण्याची शक्यता आहे. ठाण्यांतील कॅमेरे बंद असण्याची दखल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून घेतली, इतका हा प्रश्न व्यापक आहे. असे उत्तर आले तर ते लेखी घ्यावे आणि कॅमेरा बंद पडल्याची नोंद कोणत्या तारखेची आहे, दुरुस्तीसाठी कोणाला कळवले होते, हे माहिती अधिकारात विचारावे. बिघाड खरा असेल तर त्याची नोंद घटनेच्या आधीची असते. या सर्व कामात विधिज्ञाची मदत घ्या. ती परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतील व्यक्ती, महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना तेथे विनामूल्य वकील मिळतो.

प्रश्न : मी एका गृहनिर्माण सोसायटीचा सेक्रेटरी आहे. कोणाच्या गाडीला ओरखडा पडला, कोणाकडे कोण आले, अशा कारणांसाठी सभासद रोज फुटेज मागतात. नाही म्हटले तर भांडणे होतात. नियम काय? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात सभासदाला ठरावीक दप्तर पाहण्याचा व त्याच्या प्रती मिळवण्याचा हक्क आहे, पण त्या यादीत कॅमेऱ्याचे चित्रीकरण नाही. गृहनिर्माण सोसायटी सर्वसाधारणपणे माहिती अधिकाराच्या कक्षेतही येत नाही. सहकारी संस्था केवळ नोंदणीकृत आहेत म्हणून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा निकाल आहे. म्हणजे सभासदाने मागितले की द्यावेच, असे बंधन आपल्यावर नाही. परंतु खऱ्या गरजेच्या माणसाला परत पाठवण्यासाठी या मोकळिकीचा वापर होऊ नये, असे मला मनापासून वाटते. वर साताऱ्याच्या वाचकांची स्थिती आपण वाचलीच आहे.

सर्वसाधारण सभेत एक ठराव करून घ्या. चोरी, अपघात, मारहाण, मालमत्तेचे नुकसान अशा घटनेसाठी कोणीही, बाहेरच्या व्यक्तीनेही, लेखी विनंती केल्यास त्या वेळेचे चित्रीकरण लगेच वेगळे काढून जपावे. अर्जदाराला ते समितीच्या दोन सदस्यांसमोर पाहू द्यावे. प्रत पोलिसांच्या किंवा न्यायालयाच्या लेखी आदेशावर द्यावी आणि तिच्यासोबत कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा आपला भाग भरून द्यावा. शेजाऱ्याकडे कोण आले-गेले हे पाहण्यासाठीची विनंती मात्र सरळ नाकारावी. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले आहे, आणि जिन्यातल्या कॅमेऱ्याने कोणाच्या घरावर पाळत ठेवली जाऊ नये हे सोसायटीनेच पाहायला हवे.

ठरावात आणखी दोन गोष्टी असू द्या. यंत्राचा पासवर्ड कोणाकडे आहे आणि चित्रीकरण कोणी, केव्हा, कशासाठी पाहिले याची वही ठेवावी; वॉचमनच्या मोबाईलवर सर्व कॅमेरे उघडत असतील तर ते बंद करावे. दुसरे म्हणजे, चित्रीकरण सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. चोर पकडण्यासाठी म्हणून टाकलेल्या दृश्यातून एखाद्या निरपराध माणसाची बदनामी होते. घटना लैंगिक गुन्ह्याची असेल, तर पीडितेची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि पीडित बालक असेल तर पोक्सो कायदाही लागू होतो. आणि शक्य असेल तर या वर्षीच्या अंदाजपत्रकात मोठ्या हार्ड डिस्कसाठी तरतूद करा. आपल्या यंत्रात चित्रीकरण नेमके किती दिवस राहते ते देखभाल करणाऱ्याकडून लेखी घेऊन सूचनाफलकावर लावा, म्हणजे गरज पडलेल्या माणसाला आपल्याकडे किती दिवसांत यायचे आहे हे कळेल.